‘मग आमचं लग्न काय कचरा होतं?’

*ताई, माझं लग्न वैशाखात आहे. मी २७ वर्षांची, सिंहगड रस्त्याला राहते, सासर फलटणचं. लग्न पर्यावरणपूरक व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. प्लास्टिक नको, डीजे नको, अन्न वाया जायला नको. आईला मुळशीकडचा एक रिसॉर्ट आवडलाय, ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणून. सासऱ्यांकडची यादी सातशेच्या पुढे गेली आहे. परवा दोन्ही घरं बोलणी करायला बसली तेव्हा मी हळूच विषय काढला, तर सासूबाई म्हणाल्या, ‘‘मग आमचं लग्न काय कचरा होतं?’’ सगळे गप्प. होणारा नवरा एकटा असला की ‘तू म्हणशील तसं’ म्हणतो आणि वडिलांसमोर मान खाली घालून बसतो. मैत्रीण म्हणते, असलं लग्न उलट महाग पडतं. सुरुवात कुठून करू? आणि अक्षतांचं काय करू?*
*– हिरवी नवरी, सिंहगड रस्ता*

प्रिय हिरव्या नवरी,

तुझ्या सासूबाई मला पत्रातूनच आवडल्या. खुपलं ते तिथल्या तिथे बोलून मोकळ्या झाल्या. अशा बाईशी जमवून घेणं सोपं असतं. मनात ठेवून ऐन सीमांतपूजनाला तोंड फुगवून बसणारी सासू तुझ्या वाट्याला आली नाही, हे काय कमी आहे?

आणि त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘नाही’ असंच आहे. त्यांचं लग्न तीस-पस्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या माहेरच्या दारात झालं असेल, तर बहुतेक पळसाच्या पत्रावळीवर पंगती उठल्या असतील, पाणी तांब्याने वाढलं असेल, मांडवाला आंब्याचे डहाळे आणि केळीचे खुंट असतील, आणि वऱ्हाड एसटीने नाहीतर ट्रकने आलं असेल. तू जे मागते आहेस त्यातलं बरंचसं त्यांनी करून झालंय. त्याला तेव्हा नाव नव्हतं, इतकंच.

म्हणून आधी तो ‘पर्यावरणपूरक’ शब्द घरात काढायचा बंद कर. तो शब्द उच्चारला की समोरच्याला वाटतं, आपल्याला अडाणी ठरवलं. त्यापेक्षा एकदा फलटणला जा, आईवडिलांना न घेता, आणि सासूबाईंकडे त्यांच्या लग्नाचा अल्बम माग. आचारी कुठला होता, जेवायला काय होतं, वाढायला कोण होतं, सगळं विचार. माऊलींच्या पालखीचा मुक्काम असतो ते गाव. हजारो माणसांची पंगत कशी उठवायची, हे तिथल्या बायकांना पुण्याहून जाऊन शिकवायला नको. ‘तेव्हाचंच बरं होतं बाई’ हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं की तुझं अर्धं काम झालं. यात लबाडी नाही बरं का. मला खरंच वाटतं की त्यांच्याकडून तुला दोन गोष्टी शिकायला मिळतील.

नवरोबांचं मात्र जरा कडक सांगते. सासऱ्यांशी बोलायचं काम तुझं नाही, त्याचं आहे. नव्या सुनेने यादी कापली असं एकदा गावात झालं की ते तुला पुढची वीस वर्षं ऐकावं लागेल. त्याच वडिलांशी मुलगा बोलला तर ती घरातली कुरबूर होते आणि आठ दिवसांत विरते. तुझ्यापुढे ‘तू म्हणशील तसं’ आणि वडिलांपुढे गप्प, हे धोरण लग्नानंतर कशाकशाला लागू होईल याचा विचार कर आणि त्याला आत्ताच बोलतं कर.

आता मुद्द्याचं. मी स्वतः यात हात पोळून घेतलेत, म्हणून सांगते. २०१९ साली भाच्याचं लग्न होतं, एरंडवण्यातल्या एका कार्यालयात, आणि मला हिरव्या लग्नाचं खूळ लागलं होतं. परतभेट म्हणून तुळशीची ३०० रोपं आणली. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत रोप, वरून गोणपाटाचा तुकडा आणि सुतळीची गाठ. फार गोड दिसत होती. संध्याकाळी कार्यालय रिकामं करायला गेले तर रोपं खुर्च्यांखाली, जिन्याच्या पायऱ्यांवर, हात धुवायच्या बेसिनवर. एक तर कुणीतरी हात धुतलेल्या पाण्यातच ठेवून गेलेलं. मोजली, १४० निघाली. टेम्पोने घरी आणली आणि पुढचे दोन महिने दूधवाल्यापासून विमा एजंटापर्यंत जो दारात येईल त्याच्या हातात तुळस कोंबत होते. सोसायटीत अजून माझं नाव तुळसवाल्या काकू आहे.

त्याच लग्नात द्रोणाचं झालं. हौसेने पळसाच्या पानांचे द्रोण मागवले होते. यंत्रावर दाबलेले, दिसायला देखणे. पंगत बसली, अळूची भाजी आली, आणि विहीणबाईंच्या मोतिया रंगाच्या पैठणीवर टपकन हिरवा थेंब पडला. मग दुसरा. त्यांनी द्रोण उचलला तर खालून ओघळच लागला. त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. भाच्याच्या सासऱ्यांनी कार्यालयाच्या भटारखान्यातून स्टीलच्या वाट्या आणवल्या आणि वेळ निभावली. वर कळस म्हणजे त्या द्रोणांचा प्रत्येक गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आला होता. तेव्हा तू द्रोण आणणारच असशील, तर आधी चार नमुने आणून त्यात गरम आमटी घालून पंधरा मिनिटं ओट्यावर ठेवून बघ. आणि कार्यालयात स्टीलची ताटं-वाट्या असतील तर द्रोण-पत्रावळीच्या फंदात पडूच नकोस. वैशाखात भांडी घासायला पाणी लागेल हे खरं, पण घासलेलं ताट दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लग्नात जातं. रुपेरी मुलामा दिलेल्या कागदी पत्रावळी तेवढ्या अजिबात नकोत. नाव कागदाचं, पण आत प्लास्टिकचा थर असतो. ती ना ओल्या कचऱ्यात जाते ना सुक्यात.

या फजितीनंतर बरीच लग्नं बघून माझं एक मत झालं आहे. लग्नातला कचरा आणि धूर हा तीन गोष्टींवर ठरतो: माणसं किती, ती येतात कशी, आणि जेवणाचं काय होतं. बी असलेली पत्रिका, बांबूचे स्ट्रॉ, ज्यूटच्या पिशव्या ही सगळी वरची कलाकुसर. ती करायची तर कर, पण तिच्यासाठी कुणाशी भांडू नकोस. भांडायची ताकद या तिन्हींसाठी राखून ठेव.

माणसांचा हिशेब करू. फलटण ते पुणे साधारण ११० किलोमीटर. सातशे माणसं एका गाडीत पाच अशी आली तर १४० गाड्या. जाऊन-येऊन प्रत्येकी २२० किलोमीटर, म्हणजे सगळ्या मिळून तीस हजारांवर. लिटरला पंधरा धरलं तरी दोन हजार लिटर इंधन फक्त एका बाजूच्या वऱ्हाडाचं. तुझ्या सगळ्या बांबूच्या स्ट्रॉंनी याची भरपाई व्हायची नाही.

पण यादी कापू नकोस, वाटून घे. लग्नानंतर फलटणला सत्यनारायण होणारच आहे ना? बहुतेक जागरण-गोंधळही होईल. पूजेचं जेवण गावाला द्यावंच लागतं. मग भावकी, आळी, सोसायटीचे सभासद, सासऱ्यांच्या राजकारणातली माणसं हे सगळे तिथेच, त्यांच्या दारात जेवू देत. आमटी-भात, बुंदी, वांग्याची भाजी. पुण्यात लग्नाला त्यांच्याकडचे जवळचे दीडशे. सासऱ्यांना त्यांच्या अंगणात पाचशे पानं उठवायचा मान मिळतो आणि तो पुण्याच्या कार्यालयात, जिथे त्यांना चपला कुठे काढायच्या तेही विचारावं लागतं, त्यापेक्षा मोठा असतो. नवऱ्याने वडिलांपुढे हे असंच मांडावं, ‘लोक कमी करू’ म्हणून नाही तर ‘लोकांना आपल्या दारात बोलवू’ म्हणून.

त्या दीडशेंसाठी एसटीच्या चार गाड्या प्रासंगिक करारावर घ्या. फलटण आगारात चौकशी करा, पण लवकर; लग्नसराईत गाड्या मिळायची मारामार असते. चार गाड्यांना मिळून दोनशे लिटरच्या आसपास डिझेल जाईल. दोन हजार कुठे, दोनशे कुठे. शिवाय एकत्र आलेलं वऱ्हाड वेळेवर येतं, हा फायदा ज्याने मुहूर्त टळताना पाहिलाय त्यालाच कळेल.

मुळशीच्या रिसॉर्टबद्दल आईला समजावणं तुझ्याकडे. झाडं आहेत म्हणून लग्न हिरवं होत नाही. तिथे बस-मेट्रोने कुणी येणार नाही, प्रत्येक जण गाडी काढणार, आचारी आणि मंडपवाले शहरातून टेम्पो भरून जाणार, वीज गेली की डिझेलचा जनरेटर लागणार, आणि उरलेलं अन्न घ्यायला इतक्या लांब कोण येणार? आईला निसर्ग हवा आहे, त्यात चूक काही नाही; पण तो तिने लग्नानंतर दोन दिवस बाबांना घेऊन जाऊन बघावा. लग्नाला शहरातलं कार्यालय घ्या, शक्यतो मेट्रोपासून चालत जाता येईल असं. वनाज–रामवाडी मार्गावर नळस्टॉप, गरवारे महाविद्यालय या भागात कार्यालयांना तोटा नाही. पिंपरीकडचे नातेवाईक जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर मेट्रो बदलून येतील. पत्रिकेत कार्यालयाच्या पत्त्याखाली ‘जवळचं मेट्रो स्थानक’ अशी एक ओळ टाक. पुणेकर पार्किंगच्या भीतीने ती नक्की वाचतो.

कार्यालय ठरवताना लोक हॉल बघतात, एसी बघतात, नवरीची खोली बघतात. तू मागच्या बाजूला जा. भटारखाना बघ, आणि व्यवस्थापकांना एकच प्रश्न विचार: ‘‘तुमचा ओला कचरा कुठे जातो?’’ मोठ्या प्रमाणावर कचरा करणाऱ्या आस्थापनांनी, म्हणजे दिवसाला १०० किलोंच्या वर, ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवायचा असतो. ज्यांच्याकडे खताचा खड्डा किंवा यंत्र आहे ते अभिमानाने नेऊन दाखवतात. ज्यांच्याकडे नाही ते ‘महापालिकेची गाडी येते ना’ म्हणतात. ती गाडी वर्षानुवर्षं कुठे जायची, हे शहराच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचार. आपल्या लग्नांची घाण त्यांनी दारात सोसली, आंदोलनं केली, तेव्हा कुठे शहराला जाग आली.

लग्नाच्या दिवशी दोन कचरावेचक ताईंना रोजाने बोलाव. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करते. तुमच्या सोसायटीत येणाऱ्या ताईंना विचारलंस तरी काम होईल. चांगला रोज दे, हातमोजे दे, आणि जेवायला पंगतीत बसव. पिंपांवर कितीही सुबक अक्षरात ‘ओला’ आणि ‘सुका’ लिहिलं तरी हातात ताट असलेला माणूस वाचत नाही. तिथे कुणीतरी उभं राहून ‘दादा, यात’ म्हणावं लागतं. फलटणच्या पूजेचंही लक्षात ठेव. घनकचरा नियमांत आहे की परवाना नसलेल्या जागी १०० हून जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा. अंगणातल्या मांडवालाही ते लागू. नवरोबांना नगरपरिषदेत एक अर्ज द्यायला सांग. तेवढीच वडिलांसमोर बोलायची सवय होईल.

आता जेवण. इथे जरा रेंगाळते, कारण सगळ्यात जास्त वाया जातं ते इथेच, आणि ते कुणाच्या हावरटपणाने नाही तर भीतीने. पानं कमी पडली तर नाक कापलं जाईल, या भीतीने मुलीचा बाप पाचशेच्या जागी साडेसहाशे सांगतो. केटरर आपल्या भीतीने त्यावर आणखी थोडं चढवतो. मग बुफेत ताट भरून घेणारा आपल्या भीतीने, पुन्हा रांगेत उभं राहायला नको म्हणून, तिसऱ्यांदा चढवतो.

आपल्याकडे ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहिलं की येणार किती हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. उत्तर कळवा म्हणून छापलं तर कुणी कळवत नाही, वर रागावतात. त्याला उपाय जुनाच आहे: फोन. तुझ्या दोन आत्या आणि त्याची एक मावशी यांना घरांची यादी वाटून दे. लग्नाच्या दहा दिवस आधी ‘येताय ना, कोण कोण येताय?’ एवढंच विचारायचं. ‘किती जण’ नाही विचारायचं, ‘कोण कोण’ विचारायचं. नावं सांगितली की आकडा आपोआप कळतो आणि माणसाला आपली आठवण ठेवली असं वाटतं.

केटररशी बोलताना तीन गोष्टी ठरवून घे आणि ऑर्डरच्या कागदावर लिहून घे, कारण तोंडी ठरलेलं लग्नाच्या गडबडीत कुणालाच आठवत नाही. एक, किमान पानांचा आकडा तू फोन करून झाल्यावर, दोन दिवस आधी पक्का करशील. दोन, पुऱ्या आणि मसालेभात एकदम करून ठेवायचा नाही. पंगत बसेल तसा घाणा काढायचा. कच्चा शिधा उरला तर पोती तशीच कुणालाही देता येतात. शिजलेल्या अन्नाला मात्र घड्याळ लागतं, त्यात वैशाखाचं ऊन. तीन, पदार्थ कमी. चाट, चायनीज, पास्ता यांचे काउंटर आणि पाच गोडं ठेवली की प्रत्येक जण प्रत्येकातलं थोडं घेतो आणि कुठलंच संपवत नाही. वैशाखात आमरस-पुरी असताना दुसरं गोड कशाला? अळूची भाजी, बटाट्याची सुकी, कोशिंबीर, मसालेभात, मठ्ठा, साधा वरणभात. यावर कुणी नाक मुरडलं तर त्याला माझ्याकडे पाठव.

पंगत की बुफे? माझं मत उघड पंगतीच्या बाजूने आहे. एका पंगतीला दीडशे-दोनशे माणसं असतील तर सहज जमतं. पण पंगतीतही एक खोट आहे, आग्रह. आपल्याकडे आग्रह केला नाही तर जेवण केलंच नाही असं समजतात. म्हणून आधी वाढप्यांना समजाव: पहिल्या फेरीला अर्धी पळी, पुरी एकच, आणि फेऱ्या मात्र भरपूर. पान कधी रिकामं दिसलं नाही पाहिजे, पण ढीगही नको. पाण्याच्या छोट्या बाटल्या नकोत. सहाशे माणसांनी दोन-दोन घोट पिऊन ठेवलेल्या बाराशे बाटल्या मी एका लॉनवर पाहिल्यात, प्रत्येकीत अर्धं पाणी, आणि टँकर मागवायचे दिवस. वीस लिटरचे जार, स्टीलचे पेले आणि फिरून पाणी वाढणारी दोन चपळ मुलं, एवढं पुरे.

उरलेलं अन्न नेणारे स्वयंसेवकांचे गट पुण्यात आहेत, पण त्यांना दुपारी चारला फोन करून ‘या, खूप उरलंय’ म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. आठवडाभर आधी बोल. किती माणसांचं असेल तर येता, भांडी कुणाची, किती वाजता, हे सगळं ठरव. पुऱ्या, सुकी भाजी, मसालेभात जातो. आमरस, मठ्ठा आणि कोशिंबीर उन्हाळ्यात द्यायची नाही. पानात आलेलं तर कधीच नाही. आणि हे बाहेरचं ठरवायच्या आधी आतलं बघ: वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका, वॉचमन, सनईवाले यांना बहुतेक लग्नांत शेवटी उरलंसुरलं मिळतं. त्यांची पंगत मधेच, गरम जेवणाची बसव.

बाकीचं भराभर सांगते. पत्रिका पुण्यात पन्नास पुरे: पहिली कसब्याच्या गणपतीला, मग जोगेश्वरीला, कुलदैवताला, मग हातात कागद घेतल्याशिवाय आमंत्रण न वाटणाऱ्या वडीलधाऱ्यांना. बाकीच्यांना मोबाइलवर, पण आधी फोन करून. फलटणच्या पत्रिकेत मात्र तू पडू नकोस. तिकडे निमंत्रकांत कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरून पिढ्यान्‌पिढ्या अबोले धरले गेलेत. छापू देत, फक्त चकचकीत प्लास्टिकच्या आवरणाची नको, एवढं सांग. पत्रिकेवर गुंडाळायची प्लास्टिकची फिल्म आणि सजावटीचा थर्माकोल, दोन्हींवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरी दारावर ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ अशी थर्माकोलची अक्षरं लावायला मंडपवाला येईलच. त्याला आधीच सांगून ठेव, नावं रांगोळीने काढू.

फुलं मार्केट यार्डातून, त्या दिवसात जे स्वस्त आणि भरपूर असेल ते. वैशाखात मोगरा असतो, मग ऑर्किड कशाला? स्टेजवरची फुलं टोचायला सजावटवाले हिरवा स्पंज वापरतात. तो प्लास्टिकचाच, चुरा होतो आणि फुलांबरोबर निर्माल्यात जातो. तो नको म्हण. कार्यालयात तुमच्या आदल्या दिवशी किंवा त्याच संध्याकाळी कुणाचं लग्न आहे ते विचार. रंग पटत असले तर एकच स्टेज दोघांना चालतं आणि खर्चही वाटून जातो. डीजेऐवजी सासऱ्यांना चांगली हलगी आणि सनई सुचव. हलगी वाजली की साताऱ्याकडच्या माणसाचे पाय आपोआप उठतात, त्याला कुणी मागासलेपण म्हणत नाही, आणि मुहूर्त सकाळचा असेल तर रात्री दहाच्या नियमाची धास्तीही नाही. दिव्यांची झगमग आणि जनरेटर दोन्ही त्यात वाचतात.

टॉवेल-टोपी आणि ब्लाउजपीस हा नाजूक विषय आहे. माझ्या कपाटात एक आंबा रंगाचा ब्लाउजपीस आहे. तो मी दोनदा दिला आणि दोनदा परत माझ्याकडे आला. शिवायला कधीच गेला नाही. पण मानपान बंद करा असं सुनेने म्हणू नये. एवढंच सुचव, की ज्यांचा मान आहे त्यांनाच द्यायचं, आणि जे द्यायचं ते वापरता येईल असं. सोलापुरी चादर कुणी परत फिरवत नाही.

मैत्रिणीला सांग, महाग पडतं ते ‘इको’ नावाचं पॅकेज घेतलं तर. बाटल्या नाहीत, डीजे नाही, जनरेटर नाही, चार काउंटर नाहीत, पत्रिका कमी, तर खर्च वाढेल कशाने? साधं लग्न हे कुणाला नवं खूळ वाटत असेल तर याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात भटजीवाचून, बडेजावावाचून पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, याची आठवण दे. मात्र सासऱ्यांपुढे हे उदाहरण देताना आवाज खाली ठेव. तू विधी काढून टाकते आहेस असं त्यांना वाटायला नको.

कपड्यांत फार डोकं घालू नकोस. आईचा शालू असेल तर तो नेस, आजीची जुनी रेशमी साडी अंतरपाटाला चालते. शेरवानी भाड्याने. झालं.

राहिल्या अक्षता. सहाशे माणसांनी मूठभर, म्हणजे प्रत्येकी तीस ग्रॅम तांदूळ टाकले तर अठरा किलो होतात. ते गालिच्यावर पडतात, त्यावरून चपला जातात, केरसुणीने बाटल्यांच्या बुचांबरोबर भरले जातात. म्हणून कुणीकुणी फुलांच्या पाकळ्या वाटतात. मीही एकदा वाटल्या होत्या. ओल्या पाकळ्यांवरून नवऱ्यामुलाचे मामा घसरले आणि मंगलाष्टकं दोन मिनिटं थांबली. तेव्हा अक्षता तांदळाच्याच ठेव, पण चिमूटभर. दोन किलो भिजवून कुंकू लावून सुकवून ठेवल्या की तुझ्या संख्येला पुरतात. त्या लहान लहान प्लास्टिकच्या पुड्यांत बांधून खुर्च्यांवर ठेवू नकोस. दोन करवल्यांना ताटं देऊन फिरव आणि त्यांना बजावून ठेव: मागितलं तरी मूठ भरून द्यायची नाही, आणि पुढच्या रांगेतल्या पोरांना तर शेवटी. ती मंगलाष्टकं संपायची वाट बघत नाहीत, थेट गुरुजींच्या टकलावर नेम धरतात.